चितपट, डाव आणि सांधे : हालचालीचे गणित

कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकविले की तो चितपट झाला असे मानतात. हा नियम मुळात मानवी सांगाड्याच्या रचनेवर आधारलेला आहे. २०२५ साली अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाडिया पार्कवर ६७वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. तीत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांना शिवराज राक्षे यांच्याविरुद्ध चितपटीचा निर्णय मिळाला, तेव्हा दोन्ही खांदे खरोखर टेकले होते काय यावरून वाद पेटला. पुढे मोहोळ यांनी माती विभागाचे विजेते महेंद्र गायकवाड यांना हरवून किताब पटकावला. खांदा एवढा निर्णायक का, याचे उत्तर सांध्यांच्या रचनेत आहे.

मजबुती आणि मोकळीक

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. हाड स्वतः वाकत नाही. ते तरफेसारखे काम करते. स्नायू आखडतात, कंडरा हाडाला ओढतात आणि हालचाल सांध्यापाशी घडते. सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, सभोवती वंगणासारखा द्रव असतो, आणि अस्थिबंध हाडांना जागेवर धरून ठेवतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे यामुळे आत-बाहेर होणाऱ्या द्रवातूनच तिचे पोषण होते. म्हणून बेताचा व्यायाम सांध्याला हितकारक ठरतो, पण कूर्चा फाटल्यास ती सहसा पूर्ववत भरून येत नाही.

प्रत्येक सांध्यात मजबुती आणि मोकळीक यांची तडजोड असते. एक वाढविली की दुसरी कमी होते. खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे. परंतु खुब्याची उखळ खोल आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात रुतून बसतो. खांद्याची उखळ उथळ बशीसारखी आहे, म्हणून हात जवळजवळ सर्व दिशांना फिरतो. त्याची किंमत अशी, की शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी खांदाच सर्वाधिक वेळा निखळतो. त्याला सांभाळण्याचे काम प्रामुख्याने सभोवतीचे चार लहान स्नायू करतात.

आखाड्यातील शरीरशास्त्र

खांद्याचे फरे म्हणजे पाठीवरील दोन त्रिकोणी हाडे. एक फरा जरी मोकळा राहिला तरी मल्ल त्या बाजूने धड वळवून निसटू शकतो. दोन्ही टेकले की धडाला वळायला वावच उरत नाही. म्हणूनच चितपटीची कसोटी खांद्यावर लागते. खाली सापडलेला मल्ल डोके आणि पाय टेकवून पाठीची कमान करतो, तेव्हा सारा भार मानेच्या सात मणक्यांवर येतो. मानेची ताकद आधीच कमावलेली नसेल, तर हा बचावच इजेचे कारण ठरतो.

धोबीपछाड या डावात मल्ल प्रतिस्पर्ध्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढतो, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेतो आणि त्याला पाठीवरून फेकतो. दिसायला हा हाताचा डाव वाटतो. प्रत्यक्षात जोर लागतो तो खुबा, गुडघा आणि पाठीचा. पट काढताना मल्ल प्रतिस्पर्ध्याचा पाय धरतो, कारण शरीर एका पायावर आले की तोल राखणे कठीण जाते. याच पकडीत गुडघा आडवा पिळला गेला तर अस्थिबंध फाटू शकतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. तो पुढे-मागे चालतो, आडवा पीळ त्याला फारसा सोसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बोटे मुरगळण्यास मनाई आहे, ती सांध्यांच्या अशाच मर्यादा ओळखून.

जलदगती गोलंदाजाचा खांदा

याच जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे १९७८ साली जन्मलेल्या झहीर खान यांनी ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी टिपले. मात्र त्याच वर्षी लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीच्या मागील स्नायूला दुखापत होऊन त्यांना मैदान सोडावे लागले. नंतर घोट्यावर शस्त्रक्रियाही झाली. जलदगती गोलंदाज पुढचा पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार घोटा, गुडघा, खुबा आणि कंबर यांतून वर चढतो. त्याच क्षणी पाठ वाकते व वळते, आणि वेग अखेरीस खांद्यातून मनगटाकडे जातो. या साखळीतील एक कडी कमकुवत असली तर तिचा भार दुसऱ्या सांध्यावर पडतो. गोलंदाजीत कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होऊ नये हा नियमही एका सांध्याच्या हालचालीचेच मोजमाप आहे.

वाढत्या वयाची जोखीम

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. पौगंडावस्था संपेपर्यंत त्या साधारणतः पक्क्या हाडात रूपांतरित होतात. तोवर सांगाड्यातील नाजूक जागा त्याच. मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जाईल अशा आघाताने मुलाची वाढीची पट्टी दुखावू शकते. रोज विश्रांतीशिवाय जलदगती गोलंदाजी करणाऱ्या किशोरांत कंबरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका असतो. सुरुवातीला केवळ कंबरदुखी जाणवते आणि ती थकवा समजून दुर्लक्षिली जाते.

जोर, बैठका आणि मल्लखांब या परंपरागत व्यायामांत खांदा, खुबा व पाठ यांच्याभोवतीचे स्नायू एकत्रितपणे घडतात. परंतु स्नायू काही आठवड्यांत बळावतात, तर कंडरा व अस्थिबंध त्यामानाने सावकाश. म्हणूनच ताकद वाढल्याचे दिसताच भार दुप्पट करणे धोक्याचे असते. वेदना एकाच जागी राहणे, सांधा सुजणे, अडकणे किंवा पाय टेकविता न येणे ही लक्षणे दिसल्यास खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखविणे इष्ट. मालिश करून किंवा सांधा ओढून बसवून घेण्याच्या सवयीने अनेकदा साधी दुखापत कायमची होते. आठवडाभराच्या सक्तीच्या विश्रांतीने खेळाडूची एखादी लढत हुकेल. दुर्लक्षित तड्याने मात्र त्याचे मैदानच सुटू शकते.