आर्किटेक्चरच्या कामासाठी कॉम्प्युटर आणि ऑपरेटिंग सिस्टिम : शिरूर-दौंडच्या घरांसाठी माहिती

बारावी झाली, नाटा परीक्षा दिली, प्रवेशफेरीत आर्किटेक्चरला नंबर लागला. लगेच पुढचा प्रश्न येतो तो लॅपटॉपचा. शिरूर असो नाहीतर दौंड, आपल्या बहुतेक घरांत याचं उत्तर देणारं कुणी नसतं. बांधकाम मात्र ओळखीचं असतं. वालिद गवंडी, मामू फरशीवाले, चाचांचं फॅब्रिकेशनचं दुकान, अशा घरांतली मुलंमुली आता बी.आर्क., डिप्लोमा आणि आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडला जाताहेत. लॅपटॉपसाठी साठवलेले सत्तर-ऐंशी हजार एकदाच खर्च होणार असतात. ते चुकीच्या मशिनवर गेले तर दुसऱ्यांदा जमत नाही, आणि पोरीचं तिसरं-चौथं वर्ष मैत्रिणीच्या लॅपटॉपवर निघतं. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देतो आहोत.

दुकानात बोलणं सुरू होतं कंपनीपासून. डेल की एचपी, लेनोवो की असुस? हा क्रम उलटा आहे. आधी कोणतं सॉफ्टवेअर चालवायचं ते ठरवा. सॉफ्टवेअरवरून ऑपरेटिंग सिस्टिम ठरते, तिच्यावरून मशिन ठरतं आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

घाई करू नका

बी.आर्क. पाच वर्षांचं असतं. पहिल्या वर्षाचं बरंचसं काम ड्रॉइंग बोर्ड, टी-स्केल, पेन्सिल आणि पुठ्ठ्याची मॉडेलं यांतच जातं. त्यामुळं प्रवेशाच्या आठवड्यातच लॅपटॉप घ्यायची गरज बहुतेकांना नसते. सहा महिने थांबलात तर पैसेही जमतात आणि कॉलेजात काय वापरतात ते नेमकं कळतं. पुण्यात आझम कॅम्पसचं अलाना कॉलेज ऑफ आर्किटेक्चर, नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, वांद्र्याचं रिझवी कॉलेज किंवा दुसरं कोणतंही, प्रवेश कुठंही असो, तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा. त्यांना विचारा, कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात, सबमिशनला फाइल कशात मागतात, आणि तुमचा लॅपटॉप कुठं अडतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घ्या. कोणत्याही जाहिरातीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

विंडोज, मॅक की लिनक्स?

सरळ सांगायचं तर आपल्या भागात विंडोज. त्याची कारणं समजून घेतलेली बरी, कारण दुकानदार आणि नातेवाईक दोघंही वेगळं सांगतात.

आर्किटेक्टच्या ऑफिसात साधारण चार तऱ्हेची कामं चालतात. सपाट नकाशा काढायला ऑटोकॅड. उभं मॉडेल करायला स्केचअप किंवा राइनो. पूर्ण इमारतीची माहिती, म्हणजे भिंत, खिडकी, त्यांची मापं आणि मोजणी, एकत्र बांधून ठेवायला रेव्हिट किंवा आर्किकॅड. आणि ग्राहकाला घर खरं वाटावं असं चित्र काढायला लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, थ्रीडीएस मॅक्स. यातली रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन ही तिन्ही फक्त विंडोजसाठी आहेत. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण त्यातला आर्किटेक्चरसाठीचा खास संच विंडोजपुरताच आहे.

दुसरं कारण घराजवळचं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. तिला यूडीसीपीआर म्हणतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत येतो, दोन्ही शहरांना नगरपरिषद आहे. परवानगीसाठी ऑनलाइन जाणारा नकाशा डीडब्ल्यूजी फाइलमध्ये, ठरलेल्या लेअरमध्ये बसवून द्यावा लागतो, आणि ती तपासणीची साधनं ऑटोकॅडच्या जोडीनं विंडोजवर चालतात. म्हणजे उद्या मुलगा पुण्यात नोकरीला लागो नाहीतर शिरूरच्या बाजारपेठेत स्वतःचं छोटं ऑफिस टाको, डीडब्ल्यूजीपासून सुटका नाही. एक लहानसं कारण आणखी आहे. मदरशाचं पत्रक, लग्नाची उर्दू पत्रिका असं काम घरात होत असेल तर आपल्याकडचे छपाईवाले इनपेजची फाइल मागतात, आणि त्यांची सगळी यंत्रणा विंडोजवरच असते.

मॅकबुक वाईट मशिन नाही. बॅटरी दिवसभर पुरते, स्क्रीन उत्तम असते. स्केचअप, राइनो, आर्किकॅड, ब्लेंडर त्यावर छान चालतात. पूर्वी इंटेलच्या मॅकमध्ये बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं स्वतःची एम-वन चिप आणली आणि नव्या मॅकसाठी तो रस्ता बंद झाला. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून विंडोज चालतं, पण ते एआरएम चिपसाठीचं वेगळं विंडोज असतं आणि रेव्हिटला तिथं कंपनीचा अधिकृत आधार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री अडलं तर विचारायचं कुणाला? तेव्हा कॉलेज आर्किकॅड किंवा राइनोवर चालत असेल आणि बजेटची चिंता नसेल, तरच मॅक.

हीच अडचण स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपला आहे. २०२४ पासून हे लॅपटॉप ‘एआय लॅपटॉप’ म्हणून जोरात विकले जातात. हलके आणि देखणे आहेत. विंडोज असलं तरी चिप एआरएमचीच, म्हणून आर्किटेक्चरसाठी घेऊ नका. इंटेल किंवा एएमडी असं स्टिकर असलेलंच घ्या.

लिनक्सची गोष्ट वेगळी आहे. ते मोफत आहे, जुन्या मशिनवर चालतं, आणि ब्लेंडर, फ्रीकॅड, लिब्रेकॅड ही मोफत सॉफ्टवेअरं त्यावर नीट चालतात. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिच्यात इमारतीच्या मॉडेलचा विभाग आतच दिला आहे. कॉलेजच्या कामाला हे पुरणार नाही. पण नववी-दहावीतल्या मुलाला नकाशाची गोडी आहे आणि घरात एक जुना कॉम्प्युटर पडून आहे, तर त्यावर उबंटू टाकून लिब्रेकॅड द्या. खर्च शून्य. लाइन, लेअर, माप ही समज तीच असते, आणि ती पुढं ऑटोकॅडला कामाला येते.

समज हा शब्द मुद्दाम वापरला. शेतकरी गुंठ्यात बोलतो, गवंडी फुटात आणि परवानगीचा नकाशा मीटरमध्ये जातो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. हा हिशोब डोक्यात नसेल तर लाखाचा लॅपटॉपही चुकीचाच नकाशा देणार. मशिदीच्या नकाशात तर आणखी एक गोष्ट पाहायची असते. आपल्याकडं किब्ला म्हणजे सरळ पश्चिम असं धरून सफांच्या रेषा मारतात. शिरूर-दौंडहून मक्केची दिशा पश्चिमेपासून साधारण १० ते ११ अंश उत्तरेकडं आहे. कॅडमध्ये ही रेषा फिरवायला दहा सेकंद लागतात. फरशी बसल्यावर मात्र ती फिरत नाही.

मशिनच्या आत काय हवं?

प्रोसेसर. ऑटोकॅड आणि रेव्हिट बरंचसं काम एकाच कोअरवर करतात, त्यामुळं कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान हे महत्त्वाचं. इंटेल कोअर आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हन, एएमडी रायझन फाइव्ह किंवा सेव्हन, यांतलं काहीही चालेल. मात्र नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. एच किंवा एचएक्स म्हणजे दमाच्या कामाचा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, ऑफिसच्या पत्रव्यवहारासाठीचा. ‘आय-सेव्हन आहे साहेब’ असं सांगून यू अक्षराचा लॅपटॉप गळ्यात मारला जातो, तिथं सावध राहा.

रॅम. १६ जीबीच्या खाली येऊच नका, रेव्हिटसाठी तर ती किमान पायरी आहे. पुढं ३२ करता येईल का, हे आजच विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही. १६ ची एकच पट्टी आणि शेजारी एक रिकामा स्लॉट असेल तर उत्तम, तिसऱ्या वर्षी दुसरी टाकता येते.

ग्राफिक कार्ड. सगळ्यात जास्त पैसा इथं जातो आणि गोंधळही इथंच होतो. फक्त ऑटोकॅडचं सपाट काम असेल तर वेगळ्या कार्डाची गरजच नाही. आयटीआय ड्राफ्ट्समनच्या विद्यार्थ्यानं यासाठी कर्ज काढू नये. त्याला १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप पुरेल. बी.आर्क.वाल्यांना मात्र लुमियन, एन्स्केप लागतं आणि ते पूर्ण भार कार्डावर टाकतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स मालिकेतलं कार्ड घ्या, आणि त्याची स्वतःची मेमरी निदान ६ जीबी, जमलं तर ८ जीबी बघा. ४ जीबीचं कार्ड छोट्या बंगल्यापर्यंत साथ देतं, झाडं-माणसं-गाड्या घातल्या की दम टाकतं. असं कार्ड असलेले लॅपटॉप ‘गेमिंग’ म्हणून विकले जातात. नाव ऐकून अब्बांनी घाबरायचं कारण नाही, कामाचं मशिन तेच आहे. खेळ खेळतो की नकाशा काढतो, हे बघायचं काम मात्र घरच्यांचं.

डिस्क एसएसडीच हवी, ५१२ जीबी निदान. स्क्रीन १५-१६ इंचांची. स्वस्तातल्या स्क्रीनचे रंग फिके असतात, त्यामुळं प्रिंट काढल्यावर भिंतीचा रंग वेगळाच येतो. विंडोज होम आवृत्ती पुरते, प्रोसाठी जादा पैसे देऊ नका.

ज्याला रोज ये-जा करायची नाही, उदाहरणार्थ घरून काम करणारी ड्राफ्ट्समन मुलगी किंवा छोटं ऑफिस, त्यानं डेस्कटॉप घ्यावा. त्याच पैशात ताकद जास्त मिळते आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतो. फक्त आपल्याकडं वीज जाते हे धरून चला. ग्राफिक कार्डाच्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस कमी पडतो, १ केव्हीएचा घ्या. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन-तीनच्या आत असावं. रस्त्याची आणि उन्हाळ्यातली धूळ पंख्यात जाऊन बसते, म्हणून वर्षातून एकदा सफाई. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरला की खालची हवा बंद होते आणि मे महिन्यात तो आपोआप मंद होतो.

पैसा : हलाल वाट आणि इतर वाटा

विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स मोफत मिळतात. ऑटोडेस्कच्या साइटवर कॉलेजचा पुरावा द्यायचा, एका वर्षाचा परवाना मिळतो, शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी तो पुन्हा घेता येतो. अट एवढीच की त्यावर पैसे घेऊन काम करायचं नाही. असं असताना ‘क्रॅक’ टाकून देणाऱ्याला पाचशे रुपये कशाला द्यायचे? दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी आहे हे तर आहेच, शिवाय त्या क्रॅकमधून व्हायरस येतो आणि वर्षभराचं काम जातं. स्वतःचं ऑफिस टाकणाऱ्यांना सपाट कामासाठी ऑटोकॅड एलटी स्वस्त पडतं. एकदाच पैसे भरून कायमचा परवाना हवा असेल तर झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड बघा. दोन्ही डीडब्ल्यूजी उघडतात.

चांगलं कार्ड असलेला नवा लॅपटॉप साधारण सत्तर हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत जातो, भाव महिन्याला हलतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ बिनव्याजी आहे असं अनेक जण समजतात. बहुतेक वेळा बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधी देतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा दिसतो. सूद टाळणाऱ्या घरांनी हे कागद घेऊन आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. आपल्या जमातीत बैतुलमाल किंवा कर्ज-ए-हसनाची सोय असेल तर तिथं संकोच न करता जा. शिक्षणाचं साधन मागण्यात लाज कसली?

तिसरी वाट जुन्या वर्कस्टेशनची. डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक, थिंकपॅड पी हे मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप पुण्यात मिळतात, आणि ते याच कामासाठी बनलेले असतात. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतलं घेऊ नका, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी बदलावी लागेल हे धरूनच भाव करा.

बिल करण्याआधी

मशिन चालू करायला लावा. टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्स हा भाग असतो. मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आणि दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते दिसतं. जीपीयूवर क्लिक केलं की कार्डाचं नाव आणि त्याची स्वतःची मेमरी दिसते. तिथं ‘शेअर्ड’ म्हणून मोठा आकडाही असतो, तो धरायचा नाही, ‘डेडिकेटेड’ लिहिलेला धरायचा. सांगितलेलं आणि दिसलेलं जुळलं तरच पुढं जा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी ऑनसाइट आहे की मशिन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागेल ते विचारा. ऑनसाइट म्हणाले तर ती ४१२२१० किंवा ४१३८०१ या आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या साइटवर तिथंच उभं राहून बघा.