चालकाच्या बाहूंचा हिशेब : अमेरिकन लष्करी मालमोटारी आणि द्रवचालित स्टिअरिंग

एखाद्या यंत्राचा शोध लागणे आणि ते यंत्र सर्रास वापरात येणे या दोन भिन्न घटना होत. पहिलीची तारीख पेटंटाच्या कागदावर सापडते. दुसरीची कारणे मात्र कारखाना, कोठार, दुरुस्तीशाळा आणि प्रत्यक्ष काम करणारा मनुष्य यांच्या परस्परसंबंधांत शोधावी लागतात. ज्याला व्यवहारात पॉवर स्टिअरिंग म्हणतात त्या द्रवचालित स्टिअरिंगचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. हे साधन १९२६ साली प्रत्यक्ष रस्त्यावर धावत होते. तथापि अमेरिकन सैन्याच्या अडीच टनी मालमोटारीवर ते १९९० च्या दशकात, तेही जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाच्या निमित्ताने आले. हा विलंब का झाला, आणि उशिरा आलेल्या या साधनाने जुन्या यंत्राकडून काय मागितले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रश्नाचे यांत्रिक स्वरूप पाहू. उभी गाडी वळविताना पुढच्या टायरला जमिनीवर घासत फिरावे लागते, आणि हे घर्षण पुढच्या आसावरील भाराबरोबर वाढते. हाताला लागणारा जोर कमी करावयाचा तर स्टिअरिंगच्या पेटीतील दंतचक्रांचे प्रमाण वाढवावे लागते. पण मग तेवढेच वळण घेण्यासाठी चाक अधिक फेरे फिरवावे लागते. जोर वाचतो तो वेळ देऊन, आणि अरुंद वाटेवर हा वेळ चालकाजवळ नसतो. लष्करी गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांनाही दिलेली असते, त्यामुळे पुढचा आस मुळातच जड होतो. त्यात पुष्कळदा समोर विंच बसविलेला असतो. शिवाय खडकाळ वाटेवर चाकाला बसणारा धक्का उलट दिशेने चालकाच्या हातापर्यंत पोहोचतो. अशा गाड्या चालविणाऱ्यांना अंगठे चाकाच्या आत अडकवू नयेत असे शिकविले जाई, याचे कारण हेच. अचानक उलटलेले चाक अंगठा मोडू शकते.

या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने दिले. बफेलो येथील पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागात काम करीत असता जड स्टिअरिंगचा त्रास त्याने जवळून पाहिला होता. १९२२ साली नोकरी सोडून तो मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे या कामास लागला. जॉर्ज जेसप हा कुशल कारागीर त्याच्या मदतीस होता. १९२६ च्या ऑक्टोबरात आपले साधन बसविलेली गाडी घेऊन तो डेट्रॉइटला गेला आणि जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना त्याने ते चालवून दाखविले.

डेव्हिसचे वैशिष्ट्य त्याच्या झडपेच्या रचनेत आहे. तेलाचा दाब सतत साठवून ठेवावा आणि गरज पडताच झडप उघडून तो वापरावा, ही सहज सुचणारी कल्पना होय. तीत पंप सदैव दाबाखाली राहतो व गळती वाढते. डेव्हिसने हा क्रम उलटा केला. त्याच्या रचनेत झडप मधल्या स्थितीत खुलीच असते. पंपातून निघालेले तेल जवळजवळ विनासायास टाकीत परत जाते. चालकाने चाक किंचित फिरविले की झडप एका बाजूने परतीची वाट आवळते, दाब त्या क्षणी निर्माण होतो आणि दट्ट्या वळणाच्या दिशेने ढकलला जातो. हात थांबला की साहाय्यही थांबते. म्हणजे या यंत्रात निर्णय माणसाचा आणि श्रम तेलाचे, अशी वाटणी झालेली आहे.

तरीही हे साधन बाजारात आले नाही. जनरल मोटर्सने डेव्हिसशी करार केला होता. परंतु मंदीच्या काळात, १९३४ साली, खर्च परवडत नाही म्हणून कंपनीने ती योजना सोडून दिली. १९३६ मध्ये डेव्हिसने बेंडिक्स कंपनीशी करार केला. पण मोठ्या संख्येने उत्पादनाची संधी त्याच्या शोधाला मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाने.

या ठिकाणी दोन वाहनांची तुलना उद्बोधक ठरते. ब्रिटिश सैन्यासाठी शेव्हर्लेने बनविलेली स्टॅगहाउंड ही चिलखती मोटार सुमारे १४ टन वजनाची व चार चाकांची होती. तिला द्रवचालित स्टिअरिंग होते. जीएमसीची सीसीकेडब्ल्यू ही अडीच टनी, सहाही चाकस्थानांना शक्ती पुरविणारी मालमोटार युद्धकाळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. तिला ते नव्हते. दोन्ही वाहने जनरल मोटर्सच्याच कुटुंबातील. इतकेच नव्हे, तर २७० घनइंची तेच सहा सिलिंडरचे इंजिन मालमोटारीत एक आणि चिलखती मोटारीत दोन असे बसविलेले होते. तेव्हा ज्ञानाचा किंवा कारखान्याचा अभाव हे कारण सांगता येत नाही.

खरे कारण अंशतः भारविभागणीत आहे, हे मान्य केले पाहिजे. स्टॅगहाउंडचे वजन दोनच आसांवर विभागलेले. तिच्या पुढच्या चाकांना केवळ मानवी हाताने वळविणे दुष्कर होते. सीसीकेडब्ल्यूचा बराचसा भार मागच्या दोन आसांवर पडे. म्हणून पहिल्या वाहनात साहाय्य अपरिहार्य ठरले, दुसऱ्यात ते केवळ इष्ट राहिले. परंतु ‘अपरिहार्य’ आणि ‘इष्ट’ यांच्यामधील रेषा कोठे आखावयाची, हा प्रश्न निव्वळ यंत्रशास्त्राचा नव्हे. तेथे चालकाचे श्रम हिशेबात धरले की नाही, हे पाहावे लागते.

ते श्रम किती होते याची कल्पना १९४४ च्या फ्रान्समधील रेड बॉल एक्स्प्रेस या वाहतूक-मोहिमेवरून येते. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात पुढे सरकणाऱ्या सैन्याला मालमोटारींच्या अखंड रांगांनी रसद पुरविली. मोहीम ऐन भरात असता सुमारे ६,००० वाहने रोज १२,५०० टनांच्या आसपास माल वाहत होती. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. सैन्यात त्या वेळी वर्णभेदाची रीतसर व्यवस्था होती. स्टिअरिंगचा निर्णय या भेदातून झाला, असे म्हणण्यास आधार नाही. रचना त्यापूर्वीच ठरली होती. एवढे मात्र म्हणता येते की, ज्यांच्या बाहूंवर ही वाहतूक चालली त्यांचा थकवा मोजण्याचे कोणतेही कोष्टक रचनाकारासमोर नव्हते. लोखंड, रबर आणि पेट्रोल यांची कोष्टके होती.

युद्धोत्तर काळात हीच रेषा अधिक स्पष्ट दिसते. १९५० साली आलेल्या एम-३५ या अडीच टनी मालमोटारीचे स्टिअरिंग हातानेच चालत राहिले. त्याच दशकातील पाच टनी एम-५४ ला मात्र द्रवचालित साहाय्य होते. इकडे १९५१ साली क्रायस्लरने आपल्या इंपीरियल या खासगी मोटारीवर ही सोय विकावयास काढली. थोडक्यात, सुखवस्तू गृहस्थाला जे ऐषआराम म्हणून मिळाले, ते अडीच टनी गाडीच्या सैनिकाला चार दशके मिळाले नाही. पंप, पट्टा, नळ्या आणि तेल यांची भर म्हणजे बिघाडाच्या आणि पुरवठ्याच्या नव्या जागा, हा लष्करी युक्तिवाद खोटा नाही. पण त्यात बिघडणारा भाग म्हणून मनुष्याची गणना होत नाही. १९९० च्या दशकातील नूतनीकरणात एम-३५ए३ या रूपाला नवे डिझेल इंजिन, स्वयंचलित गिअर आणि रुंद एकेरी टायर मिळाले. द्रवचालित स्टिअरिंगही तेव्हाच आले.

जुन्या गाडीला हे साहाय्य जोडण्याच्या मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली, जुनी पेटी काढून झडप व दट्ट्या पोटातच असलेली नवी पेटी बसविणे. दुसरी, जुनी पेटी तशीच ठेवून तिच्यापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला झडप व सिलिंडर जोडणे. हीत पंप बंद पडला तरी हाताने गाडी वळविता येते. तिसरी, तेलाऐवजी ब्रेकसाठी गाडीत असलेल्याच दाबित हवेचा उपयोग करणे. ही सोपी खरी. परंतु हवा आकुंचन पावते, त्यामुळे साहाय्य किंचित उशिरा व धक्क्याने येते. केवळ नळ्यांच्या आधारे चाके वळविणारी, यांत्रिक दुवाच नसलेली रचनाही असते. ती संथ यंत्रांना शोभते. वेगाने धावणाऱ्या मालमोटारीत एक नळी फुटल्यास चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

वाट कोणतीही घेतली तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर असते. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅम दाब दिला, तर सुमारे १,४०० किलोग्रॅमचा जोर उत्पन्न होतो. जुने दांडे, त्यांचे गोल सांधे आणि चौकटीवरील आधार हे मनुष्याच्या जोराचा अंदाज घेऊन घडविलेले असतात. चाक दगडाला अडले की पूर्वी माणूस थांबे. तेल थांबत नाही. शक्तिचलित पुढच्या आसातील सांधे ठराविक कोनापलीकडे वळविले तर मोडतात, म्हणून आसावरील अटकाव नीट जुळविणे आणि दाबाला मर्यादा घालणारी झडप योग्य ठेवणे अगत्याचे असते. म्हणजे आजवर चालकाचे बाहू केवळ श्रम करीत नव्हते. यंत्राचे रक्षणही तेच करीत होते, आणि हे दुसरे काम काढून घेतल्यावरच ध्यानात येते.

डेव्हिसचा शोध अपूर्ण होता म्हणून मालमोटारीला वाट पाहावी लागली, असे वरील विवेचनावरून दिसत नाही. जेथे मनुष्यबळ पुरेच पडत नव्हते तेथे यंत्र ताबडतोब आले. जेथे ते कसेबसे पुरत होते तेथे त्याच्यावरच काम भागविले गेले. तंत्रविद्येच्या इतिहासकाराने म्हणूनच नवी साधने केव्हा आली याबरोबरच ती येईपर्यंत त्यांचे काम कोण करीत होते, हेही विचारले पाहिजे. सीसीकेडब्ल्यूच्या भागांच्या यादीत प्रत्येक खिळ्याला क्रमांक आहे. तिच्या चाकावरील दोन हातांना नाही.