वास्तुशिल्पज्ञाची सनद आणि त्यानंतरचा अभ्यास

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली शिवछत्रपतींनी त्याचे बांधकाम सुरू केले. ते करणाऱ्या पाथरवट-गवंड्यांकडे कोणतीही सनद नव्हती. जाणत्या कारागिराच्या हाताखाली राबणे हेच त्यांचे शिक्षण, आणि उभे राहिलेले काम हीच त्यांची परीक्षा. आज मात्र वास्तुशिल्पज्ञ म्हणवून घेण्यास सनद लागते. ही सनद कशी आली, आणि ती हाती आल्यावर अभ्यास संपतो काय, हे आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी समजून घेण्यासारखे आहे.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली. तेथे १८९६ साली नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग सुरू झाला. वास्तुशिल्पज्ञांच्या कचेऱ्यांना जाणते मदतनीस मिळावेत, हा त्याचा हेतू. पुढे त्यातूनच वास्तुकलेचा पूर्ण अभ्यासक्रम उभा राहिला. १९१७ साली तेथील माजी विद्यार्थ्यांनी जॉर्ज विटेट यांच्या अध्यक्षतेखाली आपली संघटना काढली. तीच १९२९ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. प्रा. क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या इमारती प्रत्यक्ष मोजून त्यांचे नकाशे काढावयास लावले. सारांश, या व्यवसायाचा पायाच काम करता करता शिकण्यावर घातला गेला.

कायदा मागाहून आला. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १८९७ साली, तर इंग्लंडने १९३१ साली असा कायदा केला. आपल्याकडे तो १९७२ साली झाला व वास्तुकला परिषद स्थापन झाली. त्या वेळी पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्यांनाही नोंदणीची संधी दिली गेली. त्यानंतर मान्यताप्राप्त पदवी हाच मार्ग राहिला. अमेरिकेप्रमाणे पदवीनंतरची निराळी परवाना-परीक्षा या कायद्याने घातली नाही. नाव पटावर राहण्यासाठी नूतनीकरणाचे शुल्क ठेवले. पुन्हा शिकण्याची अट मात्र मूळ कायद्यात नव्हती.

अडचण येथेच आहे. १९८५ साली पदवी घेतलेल्याचे उदाहरण घ्या. १९९१ साली किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामाला नवे नियम लागले. २०११ व २०१९ साली ते पुन्हा बदलले. भूजच्या भूकंपानंतर २००२ साली भूकंपविषयक मानक सुधारले गेले. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला, तर २०२० साली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. यांतले काहीही त्याच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. खाडीकाठी घर बांधणाऱ्या गरीब माणसाला हे कोण सांगणार? नकाशा नामंजूर झाला, तर पदरमोड त्याचीच होते.

शिवाय १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्याने संरक्षण आहे ते ‘आर्किटेक्ट’ या नावाला. वास्तुरचनेचे काम इतरांना बंद नाही. म्हणजे नुसत्या सनदेवर विसंबून चालणार नाही.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोटावरील पुतळा उभारल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कोसळला. तो विषय शिल्पाचा व संरचनेचा. त्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण खारा वारा आणि पावसाळा कोणाचीही सनद पाहत नाहीत, एवढा बोध सर्वांनीच घ्यावा.

परिषदेने पुढील प्रशिक्षणासाठी पुण्यात केंद्र उभारले, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या मुलामुलींनी पदवी घ्यावी, नोंदणी करावी; पण त्यानंतरही दरवर्षी नवे नियम वाचावेत, आणि गावच्या जाणत्या गवंड्याजवळ बसून जांभ्या चिऱ्याचे गुणदोषही समजून घ्यावेत. सनद एकदा मिळते. तिची लायकी रोज मिळवावी लागते.