१४. शनवार तेली

कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील बेने इस्रायल ज्यू. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा परंपरागत धंदा. शनिवारी, शब्बाथ पाळण्यासाठी, ते घाणा बंद ठेवत, म्हणून हे नाव. मातृभाषा मराठी. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे. जहाज फुटून नवगावच्या (ता. अलिबाग) किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा सांगते, त्या काळचा लेखी पुरावा मात्र नाही. मजकुरातील ‘जनुकीय तपासणी’चा उल्लेख २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आहे. त्यात १८ बेने इस्रायलींच्या जनुकसंचाची इतर ज्यू आणि भारतीय समाजांशी तुलना केली होती. दोन्हींचा वारसा त्यांच्यात आढळला: ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि आईकडूनच मिळणारे मायटोकॉन्ड्रियातील डीएनए यांमुळे असा फरक करता येतो. हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरतो. तो संकराचा काळ आहे, आगमनाचा नव्हे. पूर्वज त्याआधीही कोकणात आलेले असू शकतात. — संपा.