आठवण आणि पाठवण

आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ चा विषय निघाला की त्या हमखास म्हणतात, ‘पूर अजून डोळ्यांपुढे उभा राहतो बघ.’ पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, हे साऱ्या पुण्याला ठाऊक आहे. काकू सांगतात ते वाड्याच्या जिन्याचं. पाणी एकेक पायरी चढत होतं आणि त्या वर उभ्या राहून उरलेल्या पायऱ्या मोजत होत्या.

चिनी भाषेत अशा लख्ख आठवणीला ‘लिली त्साय मू’ म्हणतात. ‘त्साय मू’ म्हणजे डोळ्यांत, नजरेसमोर. ‘लिली’ म्हणजे एकेक, सुटंसुटं, स्पष्ट. या ‘ली’च्या जुन्या अक्षरात वर पिकाची दोन ताटं आणि खाली पाऊल आहे. शेताच्या रांगांतून कुणी चालत जावं, तसं. इतिहासाला चिनीत ‘लीशी’ म्हणतात, त्यातही हाच ‘ली’. ७५५ साली चीनमध्ये सेनापती आन लूशानचं बंड झालं आणि सुखाचे दिवस सरले. ते दिवस आठवून कवी तू फू याने लिहिलेल्या एका कवितेचं नावच ‘लिली’ आहे. चिनी आठवण पावलापावलाने डोळ्यांपुढून जाते. आपली मात्र उभी राहते. का बरं?

उत्तर मला सापडलं ते ‘पाठवणे’त! संस्कृत ‘प्रस्थापयति’, प्राकृत ‘पट्ठवेइ’, मराठी ‘पाठवणे’ ही वाट अभ्यासकांच्या पायाखालची आहे. आता ‘प्र’ काढा आणि ‘आ’ लावा. ‘आस्थापयति’चं ‘आठवणे’ होतं, एक अक्षरही ओढूनताणून बसवावं लागत नाही. ‘प्र’ म्हणजे पुढे, दूर. ‘आ’ म्हणजे आपल्याकडे. दूर धाडलं ते पाठवलं, जवळ आणून उभं केलं ते आठवलं. ‘स्था’ म्हणजे मुळात उभं राहणंच. ‘ठेवणे’, ‘ठाणे’, ‘उठणे’ ही सगळी त्याच घरची भावंडं.

‘आठ’ या आकड्याशी आठवणीचं नातं जोडावंसं वाटेल, पण ते आठवड्यापुरतं खरं. ‘अर्थ’चं प्राकृतात ‘अट्ठ’ होतं, त्यावरून ‘आठवणे’ काढण्याचा मोह मलाही झाला होता. पण मराठीने ‘चतुर्थ’चं ‘चौथा’ केलं, ‘सार्थ’चं ‘साथ’ केलं. तिथे ‘थ’च राहिला, ‘ठ’ आला नाही. शिवाय ‘अर्थ’ धरला तर ‘पाठवणे’शी जुळणारी जोडी मोडते, आणि ती मोडायला मी तयार नाही. ‘आस्थापयति’ची बाजू मला वरचढ वाटते.

म्हणजे ‘पूर डोळ्यांपुढे उभा राहतो’ असं काकू म्हणतात, तेव्हा ‘आठवण’ या शब्दाच्या पोटात दडलेलंच त्या पुन्हा उघड बोलतात. तुमच्या घरात पानशेत पाहिलेलं कुणी असेल तर जवळ बसून ऐका. पुराबद्दल सांगताना ते कोणतं क्रियापद वापरतात, तेवढं टिपून ठेवा.