टिळकांचा संन्यास

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले व आप्तेष्टांस अंतरले, हे वाचकांस ठाऊक आहेच. आम्हांस अधिक विचारार्ह वाटते ते १९१७ साल. पन्नाशी उलटलेल्या या कवीने अमेरिकन मराठी मिशनचा बांधलेला पगार सोडिला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडिला. श्रद्धा ख्रिस्तावर, पण वैराग्याची रीत मात्र आपल्या भूमीची! पैसा त्यांच्या हाती पूर्वीही टिकत नसेच. आता त्याची वाटही त्यांनी बंद केली. तथापि या समाधानाचा जमाखर्च लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त पाहावा. दान टिळकांनी करावे व चूल त्यांनी पेटवावी, असा तो संसार. त्या रागावतात, हसतात. पण १९०० साली स्वतःच्या निश्चयाने पत्करिलेली श्रद्धा टिळकांमागेही, १९३६ पर्यंत, त्यांनी सोडिली नाही.