मासा पाण्यातच ठेवा

जूनचा पहिला दणकून पाऊस पडला की माझ्या फोनवर कोकणातल्या मित्रांचे व्हिडिओ यायला लागतात. वहाळाला पाणी आलेलं असतं आणि कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून टोपलीतले मासे दाखवत असतं. चढणीचे मासे. गाबोळीनं भरलेले, अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघालेले. मीही ते लहानपणी खाल्लेत, आवडीनं खाल्लेत.

त्यामुळे कामासाठी सिएटलला राहत असताना तिथल्या मासेमारीच्या नियमांतलं एक वाक्य वाचून मी थबकलो. वॉशिंग्टन राज्यात नियम असा, की जो सामन किंवा स्टीलहेड सोडून देणं बंधनकारक आहे, तो पाण्याबाहेर पूर्णपणे उचलायचाच नाही. म्हणजे हातात मासा धरून फोटोही नाही! आधी हसू आलं. मग या नियमामागचा इतिहास वाचत गेलो आणि हसू मावळलं.

स्टीलहेड म्हणजे मुळात रेनबो ट्राउट. प्रजाती एकच, आयुष्यं दोन. काही पिल्लं जन्मभर नदीतच राहतात, तर काही समुद्रात जातात, तिथे दांडगी होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतात. समुद्रावरून परतणारा तो स्टीलहेड. पॅसिफिकमधले बहुतेक सामन एकदा अंडी घातली की मरतात. स्टीलहेडचं तसं नाही. वाचला तर तो परत समुद्रात जातो आणि पुन्हा नदीत येऊ शकतो. म्हणूनच त्याला कसं हाताळलं, या प्रश्नाला महत्त्व आहे.

हा इतिहास नीट दिसतो तो एल्व्हा नदीवर. ऑलिंपिक पर्वतातून उतरून ती राज्याच्या उत्तर किनाऱ्याला समुद्राला मिळते. तिच्या काठी क्लॅलम लोक राहत आले. 1855 साली त्यांच्या पुढाऱ्यांनी अमेरिकी सरकारशी करार केला. जमीन गेली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क करारात लिहून राहिला.

1910 च्या सुमारास थॉमस ऑल्डवेल नावाच्या उद्योजकानं समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं. 1912 मध्ये धरणाचा पाया फुटला आणि लोंढा खाली गेला. डागडुजी झाली, 1913 मध्ये वीज सुरू झाली. माशांना चढायला वाट मात्र ठेवली नाही. गंमत म्हणजे, अशी वाट ठेवलीच पाहिजे असा राज्याचा कायदा 1890 पासून होता. तोडगा निघाला तो असा: वाट नको, त्याऐवजी धरणाशी हॅचरी काढा. मासे माणसांनी पकडायचे, अंडी पिळून काढायची, पिल्लं टाक्यांत वाढवून नदीत सोडायची. 1922 मध्ये ती हॅचरीही बंद पडली. 1927 मध्ये वरच्या अंगाला 64 मीटर उंचीचं दुसरं धरण उभं राहिलं. शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे प्रवाह माशांना बंद झाले.

नद्या अशा अडवल्या जात असताना गुन्हेगार कोण ठरत होतं? 1925 मध्ये वॉशिंग्टननं स्टीलहेडला ‘खेळाचा मासा’ ठरवलं. म्हणजे गळ टाकून, हौसेनं धरायचा मासा. पण मूलनिवासी लोक पिढ्यान् पिढ्या जाळ्यानं तो धरत होते. त्यांच्यासाठी तो जेवणही होता आणि रोजगारही. निस्क्वाली नदीवर बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिल्यांदा अटक झाली ती 1945 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी. पुढे ती पन्नासहून अधिक वेळा झाली. राज्य म्हणायचं, आम्ही मासे वाचवतोय. हे लोक म्हणायचे, करार वाचा. अखेर 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी करार वाचला आणि निकाल दिला: धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा करारातल्या जमातींचा, आणि माशांच्या व्यवस्थापनातही त्या भागीदार. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल मुख्यतः कायम ठेवला.

दरम्यान हॅचऱ्यांवरचा विश्वास काही कमी झाला नव्हता. मी इंजिनियर आहे, मला ते समजतं. आउटपुट कमी पडतंय? मशीन वाढवा. पण टाकीत वाढलेला मासा टाकीत जगायला लायक होतो. ओरेगनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवरचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त पैदाशीच्या दर पिढीमागे माशांची नदीत प्रजा वाढवण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटत होती. त्याच वर्षी सिएटलजवळच्या प्यूजेट साउंडमधल्या स्टीलहेडची नोंद केंद्राच्या कायद्याखाली ‘धोक्यात’ अशी झाली.

आज तिथे हॅचरीच्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून मगच त्यांना सोडतात. गळाला मासा लागला की आधी ती जागा बघायची. पर नसेल तर मासा हॅचरीचा, परवानगी असेल तिथे घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर तो नदीचा, त्याला सोडायचं. आणि सोडायचं म्हणजे नुसतं पाण्यात फेकायचं नाही. गळाला उलटा काटा नको, म्हणजे तो झटकन निघतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. जाळी रबराची, बिनगाठीची. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, पोट दाबायचं नाही. झुंजून दमलेल्या माशाला पाण्याबाहेर धरणं म्हणजे धावून आलेल्या माणसाचं नाक दाबणं. पाणी तापलेलं असेल तर गळ टाकूच नये. 2020 च्या डिसेंबरात किनारी नद्यांवर आणखी कडक नियम आले: आमिष नाही आणि होडीत बसून गळ टाकणंही नाही.

मग एल्व्हाचं काय झालं? क्लॅलम लोक दशकानुदशकं मागणी करत राहिले. 1992 मध्ये अमेरिकी संसदेनं नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. धरणं फोडायला सुरुवात झाली 2011 मध्ये, शेवटचा तुकडा निघाला 2014 मध्ये. धरणांमागे अडकलेला गाळ मोकळा झाला.

वरच्या धरणाच्या जागी मी गेलो होतो. पुरानं रस्ता तोडलाय, त्यामुळे बरंच चालावं लागतं. भिंतीच्या उरलेल्या टोकावर उभं राहिलं की खाली नदी नुसती वाहताना दिसते. बघण्यासारखं काहीच नाही, आणि तेच बघायचं असतं.

एल्व्हातले उन्हाळी स्टीलहेड जवळपास संपलेच होते. धरणं गेल्यावर ते परत आले, शेकड्यांनी आणि हॅचरीच्या मदतीशिवाय. धरणाच्या वर जे साधे ट्राउट शंभर वर्षं अडकून पडले होते, त्यांच्या पिढ्यांनी समुद्रावरून लवकर परतण्याचं जनुक जपून ठेवलं होतं. समुद्र कधीही न पाहिलेल्या माशांनी! बॅकअप होता, फक्त तो आमच्यासारख्यांनी घेतलेला नव्हता.

क्लॅलम लोकांनी मात्र 2011 पासून स्वतःच्याच नदीत मासेमारी थांबवली होती. ज्यांच्या पूर्वजांना करार असून वाट मिळाली नाही, त्यांनीच माशांना वेळ दिला. 2023 मध्ये त्यांनी पहिल्यांदा मासेमारी केली, तीही मोजक्या कोहो सामनपुरती, विधी आणि जेवणासाठी.

मासा हळुवार धरणं चांगलंच. पण एल्व्हावर मासे परतले ते भिंत काढल्यावर. ओल्या हातांचा उपयोग आहे, वाट मोकळी असेल तर.

यंदा मित्राचा व्हिडिओ आला तेव्हा मी त्याला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “त्या वहाळावरचा नवा बंधारा मासे चढून जातात का रे?”